बघितली का? कशी आहे? : मालिका आणि वेब सीरिजबद्दल मत देताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"काहीतरी चांगलं सुचवा ना" ही मागणी मुंबईत डब्याच्या सुट्टीत येते, सोसायटीच्या लिफ्टमध्ये येते आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवरही येते. सुचवणारे खूप आहेत, पण सुचवलेलं नीट लागू पडतंच असं नाही. आमच्याकडे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे आहेत, शेवटी अडचणीचे. एकाच मुद्द्याची दोन ठिकाणी उत्तरं नकोत म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नुकतीच एक सीरिज संपवली. 'कशी आहे?' असं कुणी विचारलं तर नेमकं काय सांगायचं?

"एक नंबर", "जबरदस्त", "चुकवू नकोस" यांतून ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की तुम्ही खूश आहात. त्याला ठरवायचं असतं की आपले आठ तास यात घालावेत का. म्हणून नाव, भाषा, कुठल्या ॲपवर, किती भाग, तुम्ही कुठवर पाहिली, कुठल्या प्रकारची आहे आणि कुणाला झेपणार नाही, एवढं तरी सांगा. सगळं मिळून चार-पाच ओळींत बसतं. उदाहरणार्थ:

"मानवत मर्डर्स. मराठी, सोनी लिव्ह, २०२४. ८ भाग, गोष्ट पूर्ण होते. सगळे पाहिले. सत्तरच्या दशकात परभणी जिल्ह्यात झालेल्या खऱ्या हत्यांचा तपास. वेग तपासाचा आहे, पाठलागाचा नाही. बळींमध्ये लहान मुली आहेत, तेवढं मनाची तयारी ठेवून."

यात कौतुकाचा एकही शब्द नाही, तरी बघायची की नाही हे वाचणारा ठरवू शकतो. कौतुक करायचंच असेल तर एकाच गोष्टीचं करा आणि ती नेमकी सांगा. "ॲक्टिंग भारी" म्हणण्यापेक्षा "चौकशीच्या प्रसंगांत कुणी ओरडत नाही, तरी ताण येतो" हे जास्त कामाचं.

नावात गोंधळ होऊ देऊ नका. "स्कॅम बघ" असं सांगितलं की समोरचा विचारात पडतो, १९९२ ची की २००३ ची? पहिली शेअर बाजारावर आहे, दुसरी मुद्रांक घोटाळ्यावर. 'द ऑफिस' ब्रिटिश आहे (२००१), अमेरिकन आहे (२००५) आणि हिंदीही आहे (२०१९). 'शोगन' १९८० ची आहे आणि २०२४ ची वेगळी. नावाला वर्ष जोडलं की प्रश्न मिटतो.

२. मालिका, सीरिज, सीझन, लिमिटेड सीरिज... यांत फरक काय?

मराठी घरात 'मालिका' म्हटलं की संध्याकाळी सातनंतर रोज लागणारी, शेवटाची तारीख ठरलेली नसलेली गोष्ट डोळ्यांसमोर येते. 'सीरिज' म्हणजे ओटीटीवरची, भागांची संख्या आधीच ठरलेली. तिचा एक हप्ता म्हणजे सीझन. लिमिटेड सीरिज एकाच हप्त्यात संपते: 'चेर्नोबिल' (२०१९) ५ भागांची, भोपाळ वायुदुर्घटनेवरची 'द रेल्वे मेन' (२०२३) ४ भागांची. "वेळच मिळत नाही" म्हणणाऱ्याला नेहमी यातली एखादी सुचवा. शनिवार-रविवारात होऊन जाते.

३. किती भाग बघितल्यावर मत द्यायला हरकत नाही?

एका भागानंतरही द्या, पण किती पाहिलं ते आधी सांगा. मत अर्धवट असायला हरकत नाही, अर्धवट पाहून पूर्ण पाहिल्याच्या थाटात बोलणं मात्र वाईट. पहिले दोन भाग बघून कुणी "मस्त आहे" म्हणतो, दुसरा त्यावर विसंबून रविवार घालवतो, आणि पाचव्या भागापासून गोष्ट घसरते. मग सोमवारी ऑफिसात तोंड लपवावं लागतं.

साधारण मोजमाप असं. पाऊण तासाचे ८ ते १० भाग असतील तर तिसऱ्या भागाअखेर जात कळते: भाषा, वेग, कोण माणसं, हिंसा किती. "शेवट जमलाय" हे मात्र शेवट बघूनच सांगता येतं, आणि गुन्ह्याच्या गोष्टीत अर्धा हिशेब शेवटावरच असतो. ४-५ भागांची असेल तर पूर्ण बघूनच बोला. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या विनोदी सीरिजचं गणित निराळं. त्यांना सूर सापडायला वेळ लागतो. अमेरिकन 'द ऑफिस'चा पहिला सीझन ६ भागांचाच आहे आणि तिच्या चाहत्यांतलेही बरेच जण नव्या माणसाला दुसऱ्यापासून सुरुवात करायला सांगतात. अशी काही वाट माहीत असेल तर ती सांगणं हीच खरी शिफारस.

"थोडं थांब, पुढे पकड घेते" असं सांगताना 'पुढे' म्हणजे कुठे तेही सांगा. चौथ्या भागात पकड घेत असेल तर तोवर दोन-अडीच तास गेलेले असतात. लांब सीरिज सुचवताना तर हिशेब मांडूनच द्यावा. 'ब्रेकिंग बॅड'चे ६२ भाग, सरासरी ४७ मिनिटांचे, म्हणजे जवळपास ४९ तास. कामाच्या दिवशी लोकलमध्ये रोज एक तास बघणाऱ्याला दहा आठवडे लागतील. काहींना हे ऐकून धडकी भरते, काहींना आनंद होतो. दोघांनाही ते आधी कळलेलं बरं.

रोजच्या मालिकेसाठी हे मोजमाप लागू होत नाही. प्रश्न १० पाहा.

४. स्पॉयलर म्हणजे नेमकं काय? किती सांगितलेलं चालतं?

समोरच्याने बघण्याआधीच त्याला पुढचं वळण किंवा रहस्य कळून जाईल असं काहीही म्हणजे स्पॉयलर. पहिल्या भागाच्या पूर्वार्धात जे उघड होतं तेवढं सांगितलेलं चालतं. एक पोलीस अधिकारी आहे, त्याच्याकडे एक केस येते, त्याचं घरी पटत नाही, इथवर ठीक. त्यापुढे सावध.

थेट रहस्य फोडणारे कमीच. घोटाळा होतो तो आडून फुटणाऱ्या गोष्टींमुळे. "शेवटी असा धक्का आहे ना!" हे ऐकल्यावर माणूस पहिल्या भागापासून धक्का शोधत बसतो आणि बऱ्याचदा त्याला तो सापडतो. "खुनी कोण ते शेवटपर्यंत कळणार नाही" हे सांगितलं की ज्याच्यावर सगळ्यांचा संशय आहे तो आपोआप सुटतो. "दुसऱ्या सीझनमध्ये तर त्याने कमाल केलीय" म्हणजे पहिल्या सीझनमध्ये तो वाचतो हे उघड झालं. "सहाव्या भागाला रुमाल घेऊन बस" याचाही अर्थ सांगायला नको. नटाच्या नावावरूनही फुटतं: छोट्याशा भूमिकेत मोठा नट आहे असं सांगितलं की चाणाक्ष प्रेक्षक पुढचं ओळखतो.

खऱ्या घटनांवरच्या सीरिजमध्ये शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून सगळंच सांगून टाकणारे असतात. पण १९९२ च्या घोटाळ्याचा शेवट माहीत असणं वेगळं आणि तो उघडकीला कसा आला ते माहीत असणं वेगळं. 'स्कॅम १९९२'ची गंमत दुसऱ्यात आहे. आणि आज पंचविशीतला मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता, हे साठीतल्या काकांनी लक्षात ठेवावं.

व्हॉट्सॲपवर लिहिताना पहिली ओळ जपा. ती लॉक असलेल्या फोनवरही दिसते. आधी सीरिजचं नाव, "पाचव्या भागापर्यंतचं उघड केलंय" अशी सूचना, मग दहाएक मोकळ्या ओळी आणि त्यानंतर मजकूर. टेलिग्रामवर मजकूर निवडून तो स्पॉयलर म्हणून झाकता येतो, मग बोट लावल्याशिवाय दिसत नाही. गॉसिप करायचंच असेल तर दोघांत करा, अख्ख्या 'बी विंग'च्या ग्रुपवर नको.

५. सीरिज येऊन किती दिवस झाले की मोकळेपणाने बोलता येतं?

ती कशी आली त्यावर आहे. सगळे भाग एकदम आले असतील तर दोन आठवडे थांबावं, कारण बहुतेकांना बघायला दोन शनिवार-रविवार लागतात. आठवड्याला एक भाग येत असेल तर पुढचा भाग येईपर्यंत आधीच्याबद्दल गप्प राहायचं, नंतर बोलायचं. मधला प्रकारही असतो: 'ज्युबिली'चे १० भाग ७ आणि १४ एप्रिल २०२३ असे पाच-पाच करून आले होते. तेव्हा 'संपवली' म्हणणाऱ्याने किती संपवली हे विचारावंच लागायचं.

'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा भाग २०१९ च्या मे महिन्यात आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला आला होता. अशा वेळी दिवसभर ग्रुप बंद ठेवणं हा बघणाऱ्याच्याच हातातला उपाय. जगाला गप्प करता येत नाही.

६. आयएमडीबी ८.७, रॉटन टोमॅटोज ९५ टक्के. मग चांगलीच असणार ना?

हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात आणि लोक सर्रास एकमेकांत मिसळतात.

आयएमडीबीवर प्रेक्षक १ ते १० गुण देतात आणि त्यांची भारित सरासरी दिसते. आकड्याआधी मतं किती पडली ते बघा. नव्या सीरिजला पहिल्या दोन-तीन दिवसांत मतं देणारे मुख्यतः चाहते असतात, किंवा न बघताच चिडलेले. गुणांची विभागणी उघडून पाहिली की १० आणि १ अशा दोन टोकांना ढीग दिसतो आणि मधे शुकशुकाट. अशी सरासरी फारसं काही सांगत नाही. महिनाभराने पाहिलेला आकडा बराच भरवशाचा. तिथे प्रत्येक भागाचे गुणही वेगळे दिसतात आणि आमच्या मते तेच सर्वात उपयोगी. भागागणिक आकडा चढतोय, सपाट आहे की शेवटी कोसळतोय हे एका नजरेत कळतं. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या शेवटच्या भागाचे गुण आधीच्या सीझनांच्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. मात्र ही यादी बघताना भागांची नावं आणि वर्णनं वाचू नका, तिथेही रहस्य फुटतं.

रॉटन टोमॅटोजवरची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. शंभरातल्या किती समीक्षकांनी 'ठीक, बघण्यासारखी' या बाजूने कौल दिला तो आकडा. ६० टक्के आणि वर म्हणजे 'फ्रेश'. सगळ्या समीक्षकांनी "बरी आहे" म्हटलं तरी १०० टक्के होऊ शकतात. उलट निम्म्या लोकांना वेड लावणारी आणि उरलेल्यांना न झेपणारी सीरिज ५० वर अडकते. शिवाय मराठी-हिंदी सीरिजची तिथे मोजकीच परीक्षणं असतात.

ॲपवरचं 'टॉप १०' म्हणजे त्या आठवड्यात किती बघितली गेली ते. नेटफ्लिक्स २०२३ च्या जूनपासून बघितलेले एकूण तास भागिले सीरिजची लांबी असं काढून 'व्ह्यूज' सांगतं. बघितली गेली म्हणजे आवडली असं नाही. टीआरपीचंही तेच: मीटर बसवलेल्या घरांत किती वेळ ते चॅनल लागलं होतं एवढंच त्यातून कळतं. जेवताना टीव्ही लावून ठेवणारं घरही त्यात मोजलं जातं.

७. मी स्टार द्यावेत का?

दिले तर एकच मापपट्टी कायम ठेवा. तुमचे तीन स्टार म्हणजे 'बरी' की 'वाया' हे दुसऱ्याला कळायला आधी चार-पाच सीरिजना दिलेले स्टार माहीत असावे लागतात. नेटफ्लिक्सनेही २०१७ मध्ये स्टार काढून अंगठा आणला. गप्पांत तीन शेरे पुरतात: 'बाकीचं सोडून बघ', 'दुसरं काही नसेल तेव्हा बघ', 'मी अमुक भागाला सोडली'. तिसऱ्या शेऱ्याइतकं उपयोगी मत दुसरं नाही आणि तेच लोक द्यायला लाजतात.

८. सासूबाई, मुलं सगळे हॉलमध्येच असतात. एकत्र बघण्यासारखी कशी ओळखायची आणि सुचवायची?

वन बीएचकेत टीव्ही एकच आणि तो हॉलमध्ये, तेव्हा हा प्रश्न सर्वात जास्त येतो. २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवर वयाचे वर्ग दाखवावे लागतात: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. सुरुवातीला कोपऱ्यात वर्गासोबत कारणही येतं: हिंसा, भाषा, नग्नता, व्यसनं. ते चार सेकंदांत जातं, पण वाचा. १३+ आणि वरच्या मजकुराला पालकांसाठी लॉकची सोय देणंही ॲपना बंधनकारक आहे.

वर्गातून कळत नाही ते घरातलं. काही घरांत शिव्या चालतात पण चुंबन आलं की सगळे एकदम पाणी प्यायला उठतात. काही घरांत नेमकं उलट. म्हणून सुचवताना 'फॅमिलीसोबत चालेल' असा गुळमुळीत शेरा न देता फोड करून सांगा: "शिव्या आहेत, दृश्यं नाहीत", "एकच प्रसंग आहे, तिसऱ्या भागात विसाव्या मिनिटाच्या आसपास". शक्य असेल तर पहिला भाग आधी एकट्याने बघा. निर्माते बऱ्याचदा सर्वात भडक प्रसंग पहिल्याच भागात ठेवतात.

हमखास चालणाऱ्यांत 'गुल्लक' (हिंदी, दर सीझनला ५ भाग, मध्यमवर्गीय घर) आणि 'आणि काय हवं' (मराठी, छोटे भाग, नवरा-बायकोचा संसार) ही नावं आम्ही देतो. 'पंचायत'मध्ये अधूनमधून शिवी येते, तेवढं आधी सांगून ठेवा. 'कोटा फॅक्टरी' सुचवली तर ती काळी-पांढरी आहे हेही सांगा, नाहीतर आजोबा केबलवाल्याला फोन लावतील.

दोन तांत्रिक गोष्टी. नेटफ्लिक्सवर यादी चाळताना झलक आपोआप सुरू होते आणि नको ते हॉलभर ऐकू येतं. ब्राउझरमधून खात्यात जा, आपलं प्रोफाइल निवडा, प्लेबॅक सेटिंग्जमध्ये झलक आपोआप सुरू होण्याची खूण काढा. दुसरं, आपल्या प्रोफाइलला चार आकडी पिन लावा. मुलांनी चुकून लावण्याचा प्रश्न मिटतो आणि तुमच्या यादीत कार्टूनची भर पडत नाही.

९. डब केलेली बघितली तर मत देता येतं का?

गोष्टीबद्दल हो, अभिनयाबद्दल जपून. तुम्ही ऐकलेला आवाज दुसऱ्याच कलाकाराचा होता. "हिंदी डबमध्ये पाहिली" एवढं सांगितलं की पुरे. सबटायटल्स भराभर वाचता न येणाऱ्या ज्येष्ठांना सुचवताना डब आहे का ते आधी तपासा: चालू भागात ऑडिओ आणि सबटायटल्सचा पर्याय उघडला की यादी दिसते. एकाच सीरिजमध्ये अनेक भाषा असतील तर तेही सांगा. 'पाताल लोक'चा दुसरा सीझन नागालँडमध्ये घडतो आणि त्यात नागामीज संवाद बरेच आहेत, हिंदी सीरिज म्हणून सबटायटल्स बंद ठेवली तर निम्मं डोक्यावरून जातं. 'रात्रीस खेळ चाले'तली मालवणी मात्र कानाला सवय झाली की समजते, आणि तिथे भाषा हीच अर्धी मजा.

१०. रोजच्या मालिकेबद्दल मत कसं द्यायचं? ती तर संपतच नाही.

काळ सांगून. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी चालली. एवढ्या काळात माणसं, घरं, नाती, सूर सगळं बदलतं. पहिल्या वर्षाचं मत शेवटच्या वर्षाला लावलं तर दोघं भांडतात आणि दोघंही बरोबर असतात.

रोजची मालिका 'ट्रॅक'वर चालते. लग्नाचा ट्रॅक, आजारपणाचा, कुणीतरी परतण्याचा. मत ट्रॅकबद्दल द्या: "सध्याचा कोर्टाचा ट्रॅक चांगला चाललाय, आधीचा अपहरणाचा रटाळ होता." सहा भागांचा एक आठवडा सलग बघितला की ट्रॅकचा अंदाज येतो. एखाद्या रविवारचा महाएपिसोड बघून मत बनवू नका. तो खास दारूगोळा भरून केलेला असतो.

"मालिकेत पाणी घालतात" ही तक्रार सगळेच करतात. त्यामागचं कारण समजलं तर ती नेमकी करता येते. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिरातींना नियमाने तासाला १२ मिनिटांपर्यंत वाव, म्हणजे अर्ध्या तासात ६. त्यातून मागचं थोडं आणि पुढची झलक वजा करा, नवी गोष्ट २० ते २२ मिनिटं. आठवड्याला सहा दिवस एवढं लिहायचं, चित्रित करायचं, आणि तयार भागांची 'बँक' बऱ्याचदा मोजक्याच दिवसांची. नट आजारी पडला, बाहेर पाऊस लागला की प्रसंग घरातच घडवावे लागतात आणि एकच वाक्य पाच जणांच्या चेहऱ्यांवर फिरतं. आता टीआरपी उतरला म्हणून ट्रॅक अचानक वळवला असेल तर ती लेखनाची चूक म्हणून नाव ठेवता येईल. बँक संपल्यामुळे ताणलेले दोन दिवस माफ करावेत, असं आमचं मत.

कुणाला नव्याने सुरू करायला सुचवत असाल तर पहिल्या भागापासून नको. ओटीटीवर पाचशे भागांची यादी बघूनच माणूस पळतो. चालू ट्रॅक कुठून सुरू झाला तो भाग क्रमांक द्या आणि नाती चार ओळींत सांगा.

११. लोकलमध्ये बघायला काय सुचवावं?

आधी प्रवास विचारा. ठाणे ते सीएसएमटी स्लो गाडीला जेमतेम तास, चर्चगेट-विरार त्याहून बरंच जास्त. २०-३० मिनिटांचे भाग असले की मधे उतरावं लागलं तरी धागा तुटत नाही. अंधारात घडणाऱ्या सीरिज दिवसाच्या उजेडात, खिडकीशेजारी काहीच दिसत नाहीत. बारीक सबटायटल्सही उभ्याने वाचता येत नाहीत. आणि चौथ्या सीटवरचा शेजारी तुमच्यासोबत बघणारच आहे हे गृहीत धरून 'ए' वर्गातलं टाळा.

घरच्या वायफायवर आदल्या रात्री डाउनलोड करा. फोनच्या पडद्याला स्टँडर्ड दर्जा पुरतो आणि जागा कमी लागते. भुयारी मेट्रोने जात असाल तर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. काही डाउनलोडना मुदत असते, काहींची घडी तर पहिल्यांदा चालू केल्यावर लागते. सोमवारी उघडून अर्धवट ठेवलेला भाग गुरुवारी गायब झाला तर कारण बहुधा हेच.

१२. तुम्ही सांगितलेल्या ॲपवर सापडतच नाही!

जुनी शिफारस असेल. एचबीओच्या सीरिज २०२३ च्या मार्चअखेर हॉटस्टारवरून गेल्या आणि पुढे जिओसिनेमावर आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही दोन ॲप एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. एमएक्स प्लेयर २०२४ मध्ये ॲमेझॉनकडे गेलं. त्यामुळे सुचवण्याच्या दिवशीच ॲपमध्ये नाव टाकून बघा. सापडली नाही तर मूळ भाषेतलं नाव, मग मुख्य नटाचं नाव टाकून शोधा. मराठीत टाइप केलेलं नाव काही ॲपना कळत नाही.

"टेलिग्रामवर लिंक आहे" असं सांगणं शिफारशीत मोडत नाही. ते कायद्याने चूक आहेच, वर अशा फाइलींसोबत फोनमध्ये काय येतं ते सांगता येत नाही.

१३. पहिला सीझन अप्रतिम, दुसरा फसला. मग सुचवू की नको?

पहिल्या सीझनची गोष्ट तिथेच पुरी होते का, यावर ठरवा. पुरी होत असेल तर "पहिला बघ आणि थांब" ही अगदी रास्त शिफारस. होत नसेल तर अडचण आहे. 'सेक्रेड गेम्स'चा पहिला सीझन (२०१८) ऐन उत्कंठेवर थांबतो, दुसरा (२०१९) बघणं भागच पडतं, आणि त्याचाही शेवट मोकळा सोडलेला आहे. तिसरा आलेला नाही. हे आधी सांगितलं तर बघणारा चिडत नाही.

सीझनांमध्ये मोठी फट असेल तर उजळणी सुचवा. 'पाताल लोक'चे दोन सीझन २०२० आणि २०२५ मधले. मधल्या पावणेपाच वर्षांत कोण कुणाचा कोण हे कुणाच्या लक्षात राहणार? पहिल्याचा शेवटचा भाग पुन्हा बघितला की पुरतं.

१४. खऱ्या घटनेवरची सीरिज बघून त्या घटनेबद्दल बोलावं का?

सीरिजबद्दल बोला. घटनेबद्दल बोलायचं तर सीरिज हा पुरावा धरू नका. 'मुंबई डायरीज'चा पहिला सीझन २६/११ च्या रात्रीचा आहे, पण त्यातलं रुग्णालय आणि डॉक्टर काल्पनिक आहेत. 'स्कॅम १९९२' पत्रकारांनी लिहिलेल्या पुस्तकावर आधारलेली, तरी संवाद आणि अनेक प्रसंग रचलेलेच. सुरुवातीची पाटी थांबवून वाचा, 'प्रेरित' आणि 'आधारित' यांत फरक असतो. हयात माणसाचं नाव घेऊन "यानेच केलं, सीरिजमध्ये दाखवलंय" असं ग्रुपवर लिहिणं अंगाशी येऊ शकतं.

१५. शेजारच्या विंगमधला मुलगा त्या सीरिजचा असिस्टंट डिरेक्टर आहे. खरं मत कसं देऊ?

मुंबईत हे होणारच. गोरेगाव, मालाड, मढच्या बाजूला तर दर इमारतीत कुणीतरी कॅमेरा, एडिट, मेकअप किंवा आर्ट डिपार्टमेंटमध्ये असतं. त्याच्याशी बोलताना त्याच्या खात्याबद्दल बोला: चाळीचा सेट खरा वाटला, गर्दीतले संवाद स्वच्छ ऐकू आले. पटकथेची चूक त्याची नाही आणि तिचा जाब त्याने का द्यावा? इतरांना सुचवताना मात्र "ओळखीच्यांची आहे" हे आधी सांगून टाका आणि मत तेच द्या जे एरवी दिलं असतं. पहिल्या दिवशी दहापैकी दहा देण्याची गळ घातली तर गोड बोलून टाळा. असे दहा कुठे जातात ते प्रश्न ६ मध्ये आहे.

पैसे किंवा भेटवस्तू घेऊन सीरिजची तारीफ करणाऱ्याने ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहावं, असे जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत. व्हिडिओच्या कोपऱ्यातली ती बारीक पाटी शोधायची सवय लावून घ्या.

१६. साहेबांनी आवर्जून सुचवलेली सीरिज आवडली नाही. विचारलं तर?

"तीन भाग झाले, मला जरा संथ वाटली. पुढे कुठे वेग घेते?" यात खोटं काही नाही आणि बोलायची संधी त्यांना मिळते. साहेब पुढची पंधरा मिनिटं खूश.

१७. सगळ्यांना आवडली, मला नाही. बोलू का?

बोला, पण काय खटकलं ते जागा दाखवून सांगा. "ओव्हररेटेड" हा शब्द सीरिजपेक्षा ती आवडणाऱ्यांबद्दल जास्त बोलतो, आणि मग वाद सीरिजवर राहत नाही.

१८. अर्धी बघून झालेला मित्र विचारतो, "तो मरतो का रे?" काय सांगू?

"नाही" म्हटलं तरी उत्तर, "बघ ना" म्हणून हसलात तरी उत्तर. त्यामुळे असल्या सगळ्या प्रश्नांना, मरत असो वा नसो, एकच ठरलेलं वाक्य ठेवा: "पुढचं मी सांगत नाही." प्रत्येक वेळी तेच म्हटलं की त्यातून काही फुटत नाही.

याला एक अपवाद आहे. कुणी विचारलं की यात आत्महत्या आहे का, बाळ दगावतं का, लैंगिक अत्याचार दाखवलाय का, तर तो कुतूहलाचा प्रश्न नसतो. तिथे प्रश्न ४ मधले सगळे नियम बाजूला ठेवा. का विचारतोस असं विचारू नका. ग्रुपवर न देता खासगीत, सरळ उत्तर द्या: आहे, पाचव्या भागात, अमुक मिनिटापासून सुमारे चार मिनिटं, आणि त्यानंतर पुन्हा उल्लेख येतो की नाही. मग त्या माणसाला ती चार मिनिटं दहा-दहा सेकंदांनी पुढे सरकवता येतात किंवा ती सीरिजच सोडून देता येते.